आमच्याकडून नेलेलं आम्हाला परत वाचून दाखवा

प्रति,
मुंबईतल्या विद्यापीठांमधले आणि संशोधन संस्थांमधले प्राध्यापक, पीएच.डी.चे मार्गदर्शक आणि परदेशी विद्यापीठांबरोबर प्रकल्प चालवणारे सगळे प्रकल्पप्रमुख यांस,

स. न. वि. वि.

मी मढची. मालाड स्टेशनहून २७१ नंबरची बस आमच्याकडे येते. वर्सोव्याकडून येणारे तरीने खाडी ओलांडतात. घरात डोलीची, म्हणजे एका जागी बांधलेल्या जाळ्याची, मासेमारी. वडील आणि भाऊ बोटीवर, आईचा सुक्या बोंबलाचा धंदा. मी बी.ए. झाले त्याला चौदा वर्षं झाली, आणि तेव्हापासून तुमच्यापैकी कुणा ना कुणाच्या प्रकल्पावर काम करते आहे. प्रश्नावल्या भरून घेणं, मुलाखतीत दुभाषी म्हणून बसणं, आधी कुठल्या आळीत जायचं आणि कुणाच्या घरचा चहा नाकारायचा नाही हे पाहुण्यांना सांगणं, ही माझी कामं. प्रबंधाच्या सुरुवातीला आभार असतात, त्यात कधी माझं नाव असतं, कधी 'स्थानिक सहायक' एवढंच असतं. पण हे पत्र त्यासाठी लिहीत नाही.

आमच्याकडे येणारे प्रकल्प जगाच्या मोठ्या प्रश्नांवरचे असतात. हवामान बदल, समुद्राची वाढती पातळी, प्लॅस्टिक, स्थलांतरित मजूर, बायकांचं न मोजलेलं काम, मागे पडत चाललेली संस्कृती. आमच्या बंदरावर हे सगळं एका जागी सापडतं, म्हणून तुम्ही येता. जाळं वर ओढलं की म्हावऱ्याबरोबर पिशव्या येतात. बोटीवरचे खलाशी दूरदूरच्या राज्यांतून आलेले असतात. लग्नात धवला गाणाऱ्या धवलारणी आता मोजक्या उरल्यात. कुणी हवामानावर येतो, कुणी गाण्यांवर, कुणी बायकांच्या कर्जावर. पण पहिले वीस प्रश्न सगळ्यांचे तेच: खोल्या किती, संडास घरात की बाहेर, बोट स्वतःची का, महिन्याची कमाई किती. आधीच्या टीमने हेच विचारून ठेवलंय का, हे पाहून आलेला संशोधक मला अजून भेटायचाय.

मला हे काम आवडतं. आमच्या वस्तीला कुणी नीट प्रश्न विचारावेत, आमचं उत्तर लिहून घ्यावं, ते जगापुढे मांडावं, असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच चौदा वर्षं टिकले. माझ्या वहीत वीसेक प्रकल्पांची नावं आहेत. त्यातले तीन जण निष्कर्ष घेऊन परत वस्तीत आले. बाकीच्यांचं काय झालं ते मला माहीत नाही, आणि ज्यांनी दोन-दोन तास बसून उत्तरं दिली त्यांना तर नाहीच नाही.

आई अशा किती मुलाखतींना बसली असेल याचा तिलाही हिशोब नाही. एक मात्र मला जशीच्या तशी आठवते. डिसेंबरातली सकाळ. वलांडीच्या, म्हणजे मासळी वाळत घालायच्या बांबूंच्या मांडणीच्या, सावलीत आई आणि शेजारच्या दोघी बसलेल्या, पुढ्यात ओल्या बोंबलांचा ढीग. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. बोलताना हात थांबत नाहीत. माझ्याबरोबरच्या संशोधकाच्या टॅबवर इंग्रजी प्रश्न होता, माझ्या हातात त्याचं छापील मराठी. मी वाचलं: 'हवामान बदलाचा तुमच्या उपजीविकेच्या स्थितिस्थापकतेवर किती परिणाम झाला आहे? एक ते पाच या मोजपट्टीवर सांगा.' आई म्हणाली, "म्हंजे काय गो?"

मी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, अवेळी पाऊस आला, वादळ आलं, तर आपण किती तग धरतो?

'तग' ऐकल्याबरोबर ती सुरू झाली. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात क्यार आणि महा ही दोन वादळं लागोपाठ अरबी समुद्रात आली, तिथपासून. बोटी अर्ध्या वाटेतून परत फिरल्या. वलांडीवरचा माल भिजला, काळा पडला, त्यात अळ्या झाल्या, शेवटी पाट्या भरभरून फेकून दिला. तिने दोन बांगड्या गहाण टाकल्या. मग तिने सांगितलं की पलीकडच्या आळीतल्या एका बाईचा माल घरात असल्यामुळे वाचला होता. त्या बाईने तो चौघींना उधारीवर वाटून दिला आणि म्हणाली, विकून झालं की पैसे द्या. त्या मालावर चौघींनी महिनाभर बाजार धरून ठेवला. बाजारातली बसायची जागा एकदा सोडली की दुसरी कुणी येऊन बसते, म्हणून माल नसला तरी जागा सोडायची नसते, हेही तिने समजावून सांगितलं. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं बोलली असेल.

संशोधकाने माझ्याकडे पाहिलं. त्याला दिवसभरात पंधरा घरं करायची होती. मी म्हटलं, चार. त्याने चारवर बोट ठेवलं आणि पुढचा प्रश्न आला.

त्या मुलाला मी दोष देत नाही. चार म्हणाले ते मीच. पण तुम्ही जे शोधायला आला होता ते नेमकं त्या दहा मिनिटांत होतं. संकटात कोण कुणाला उधार देतं, ती उधारी कशाच्या भरवशावर चालते, बाजारातली जागा म्हणजे काय. आणि 'स्थितिस्थापकता' या शब्दाला आईकडे 'तग' हा शब्द आधीपासून होता. निष्कर्षांचा आलेख घेऊन तो मुलगा एका संध्याकाळी जरी परत आला असता, तरी त्या तिघींनी 'हा चार कुठून आला' असं विचारलं असतं, आणि मग ती गोष्ट तुमच्या प्रबंधात गेली असती.

दुसरी गोष्ट लिहिताना आजही मला त्रास होतो.

डोल हे पिशवीसारखं जाळं. समुद्रात ते एका जागी बांधून ठेवतात. भरती-ओहोटीच्या ओढीने ते उघडतं आणि त्याच ओढीने मासळी आत येते. त्यामुळे अमावास्या-पौर्णिमेला उधाणाचं पाणी असतं तेव्हा धंदा होतो, आणि सप्तमी, अष्टमी, नवमीच्या आसपास पाण्याला ओढ नसते तेव्हा जाळं लोंबकळत राहतं. या दिवसांना आम्ही भांग म्हणतो. शाळेच्या भूगोलातही 'भांगाची भरती' शिकवतात. एका परदेशी विद्यापीठाच्या प्रकल्पात आमच्याकडच्या सात-आठ नाखवांच्या, म्हणजे बोटवाल्यांच्या, मुलाखती झाल्या. मी दुभाषी होते, पण रेकॉर्डिंग लिहून काढायचं काम दुसरीकडे दिलं होतं. कुणीतरी मुलाखती ऐकून इंग्रजीत उतरवल्या. 'भांगात धंदा नसतो, आम्ही घरीच असतो' या वाक्याचं तिथे झालं, 'भांग घेतलेल्या दिवसांत मासेमारी होत नाही, पुरुष घरीच असतात.' त्यापुढच्या परिच्छेदात मच्छीमारांमधल्या व्यसनाधीनतेवर चर्चा.

मला हे कळलं दीड वर्षाने. दुसऱ्याच एका विद्यापीठाची विद्यार्थिनी तो अहवाल वाचून आली होती. तिने मला पहिल्याच दिवशी विचारलं, तुमच्या वस्तीत भांगेचं प्रमाण साधारण किती आहे? मला आधी प्रश्नच कळला नाही. मग तिने मोबाईलवर पान दाखवलं. मी ज्यांना 'काका, दोन मिनिटं बोला ना, अभ्यासाला उपयोग होईल' म्हणून ओट्यावर बसवलं होतं, त्यांचीच ती वाक्यं होती.

मी प्रकल्पप्रमुखांना पत्र लिहिलं. उत्तर आलं, सभ्य भाषेत: प्रकल्प संपला आहे, अहवाल सादर झाला आहे, आता त्यात बदल करता येणार नाही. आमच्या नाखवांना मी हे आजवर सांगितलेलं नाही. सांगितलं तर पुढच्या वेळी ते दार उघडणार नाहीत, आणि पुढच्या वेळी येणारी मुलगी कदाचित चांगली असेल.

मुंबईला हे सगळं नवीन नाही. मुंबई विद्यापीठातला समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली सुरू झाला, देशातल्या अगदी पहिल्या विभागांपैकी. त्याचे पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस. शहराचा आराखडा आखण्याआधी ते शहर पायी फिरून पाहिलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. १९२४ पासून गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो विभाग उभा केला. इरावती कर्वे त्यांच्याच विद्यार्थिनी, आणि त्यांनी इंग्रजीत लिहिलं तितक्याच ताकदीने मराठीत लिहिलं. श्रीधर व्यंकटेश केतकर तर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जातिसंस्थेवर पीएच.डी. करून परत आले आणि मराठीत ज्ञानकोशाचे २३ खंड काढून बसले. शंभर वर्षांपूर्वी, पैशांची मारामार असताना. त्यामुळे अवघड विषय मराठीत मांडता येत नाही असं कुणी म्हटलं की मला राग येतो. मी 'तग' म्हणायच्या आधीच तुमच्या प्रश्नावलीतला शब्द माझ्या आईसाठी मेलेला होता. तो मराठीचा दोष नव्हता, तो शब्द आधी कुणा मराठी बाईला वाचून दाखवला नव्हता इतकंच.

आता नकाशाबद्दल.

माझे मोठे काका तांडेल, म्हणजे बोट चालवणारे प्रमुख, होते. पाण्याखाली कुठे खडप आहे, कुठे चिखल, कुठल्या वाऱ्यात कुठून बोट काढायची, हे त्यांना तोंडपाठ. एका प्रकल्पासाठी त्यांनी तीन संध्याकाळी बसून चार्ट पेपरवर आमच्या समोरच्या दर्याचा नकाशा काढून दिला. पेन्सिलीने, खोडत खोडत. प्रत्येक खडपाचं नाव, नावामागची गोष्ट. दोन जागा मात्र त्यांनी काढल्या नाहीत, तोंडी सांगितल्या आणि म्हणाले, या कागदावर नकोत. एक देवाची जागा होती. दुसरी, घोळ मासा हंगामात जिथे जमतो ती. मोठ्या यांत्रिक बोटींना ती कळली तर एका वर्षात तिथे काही उरणार नाही, असं त्यांचं म्हणणं. समोरच्यांनी मान डोलावली. मीही डोलावली.

पुढे दोन वर्षं काका मला विचारत राहिले, "तो कागद आला का?" मी म्हणायचे, येईल. २०२१ मध्ये ते गेले. त्यानंतर केव्हातरी इंटरनेटवर दुसरंच काही शोधताना मला तो नकाशा सापडला. सुंदर केला होता, निळ्या रंगात, अक्षांश-रेखांशांसह. खाली संस्थेचं चिन्ह आणि परवानगीशिवाय वापरू नये अशी सूचना. काकांचं नाव कुठेही नव्हतं. 'सामुदायिक नकाशा' असं लिहिलं होतं. आणि न काढलेल्या दोन जागांपैकी एक त्यात होती. घोळीची.

मालाडला झेरॉक्सच्या दुकानात मी त्याची मोठी रंगीत प्रत काढून घेतली आणि काकांच्या मुलाला नेऊन दिली. त्याने ती भिंतीवर लावली आहे. त्या एका जागेवर त्याने कागदाची चिठ्ठी चिकटवली आहे.

तुमच्याकडे नियम आहे की माणसाची ओळख उघड करायची नाही. तो चांगला नियम आहे. घरातल्या मारहाणीबद्दल, सावकाराबद्दल बोललेल्या बाईचं नाव कुणालाही कळता कामा नये. पण तीन संध्याकाळी बसून ज्याने नकाशा काढला त्याचं नाव पुसणं म्हणजे गुप्तता राखणं नाही. लपवायचं की लिहायचं, हे त्याला विचारायचं असतं. संमतिपत्रावर सहीसाठी जागा असते. ती सही कशाला, हे विचारायला मात्र दुसऱ्यांदा कुणी येत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत संमती माणसाला समजेल अशा भाषेत घ्यावी असं म्हटलंय. समाजशास्त्राच्या, पर्यावरणाच्या प्रकल्पांत मी अजूनही इंग्रजी फॉर्मवर अंगठे घेतले आहेत. माझ्या हाताने घेतले आहेत, म्हणून सांगते.

संशोधन आमच्याकडे परत येत नाही असं म्हणताना एक दुरुस्ती करायला हवी. येतं, पण नियम होऊन येतं. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. लहान पिल्लं पकडली तर उद्या मासळीच राहणार नाही, हे मला पटतं, मी घरात भावाशी त्यावरून भांडले आहे. पण त्या नियमामागे शास्त्रज्ञांचा अभ्यास आहे. मासा कितव्या लांबीला अंडी घालतो, ते कसं मोजलं, कुठल्या बंदरावर मोजलं, हे जर आधी कुणी आमच्या मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये सांगितलं असतं तर माझ्या भावाने पहिल्यांदा ते दंडाच्या भाषेत ऐकलं नसतं. आणि त्याच्याकडे एक खरा प्रश्न आहे, जो त्याने विचारला असता: डोल एका जागी उभी असते, पाणी जे आणेल ते आत येतं, जवळा-करंदीसाठी तिच्या शेपटाची आस, म्हणजे जाळ्याची भोकं, बारीक ठेवावी लागते. अशा जाळ्यात मी पापलेटचं पिल्लू निवडून बाहेर कसं ठेवू? याचं उत्तर शोधणं हाच एक प्रकल्प आहे. तो प्रश्न आमच्या ओट्यावर पडून आहे.

वरळीचं तर तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. कोस्टल रोडसाठी समुद्रात भराव घालताना तिथल्या मच्छीमारांनी कोर्ट गाठलं. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पाची सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीच्या नियमांखालची, मंजुरी रद्द केली. त्याच डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने काम सुरू करायला परवानगी दिली. पुढे वाद उरला तो क्लीव्हलँड बंदरातून निघणाऱ्या होड्यांच्या वाटेचा. कागदावर पुलाच्या दोन खांबांत ६० मीटर अंतर होतं. नाखवा म्हणत होते, वारा आणि पाण्याची ओढ असताना होडी सरळ रेषेत जात नाही, ६० मीटरात ती खांबावर आदळेल. त्यांनी काम अडवलं, होड्या घेऊन उभे राहिले, बैठकांमागून बैठका झाल्या, आणि २०२२ च्या अखेरीला सरकारने १२० मीटर मान्य केले. वाऱ्यात होडी किती तिरकी जाते ही शास्त्राचीच गोष्ट आहे. ती सांगणारी माणसं बंदरावर उभी होती. आखणीच्या वेळी त्यांना कुणी विचारलं असतं आणि काढलेली आकृती परत आणून दाखवली असती, तर इतकी वर्षं लढण्यात गेली नसती.

दक्षिण आफ्रिकेत सान नावाचे लोक आहेत. त्यांच्यावर जगभरच्या विद्यापीठांनी पिढ्यानपिढ्या संशोधन केलं: त्यांची भाषा, त्यांची वनस्पतींची माहिती, शेवटी त्यांची जनुकं. २०१७ मध्ये त्यांनी स्वतःच संशोधकांसाठी आचारसंहिता लिहिली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी असे साधेच शब्द आहेत त्यात. परत येऊन सांगतो असं वचन देऊन न येणं हा अनादर आहे आणि तो आमच्या वाट्याला वारंवार येतो, असं त्यांनी त्यात लिहून ठेवलंय. मी ते वाचलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि मी काकांचा विचार करत होते. इतक्या लांबच्या, आमचं तोंडही न पाहिलेल्या माणसांनी आमचीच तक्रार लिहिली होती.

परत आलेल्या तिघांपैकी एकीबद्दल सांगितलं नाही तर हे पत्र अन्यायाचं होईल. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाची मुलगी, सुकी मासळी विकणाऱ्या बायकांवर काम करत होती. १ जूनला मासेमारी बंद झाली, बायकांना जरा उसंत होती, तेव्हा ती आली. मराठीत लिहिलेली बारा पानं घेऊन. सोसायटीच्या हॉलमध्ये तीसेक बायका जमल्या, निम्म्यांना वाचता येत नाही म्हणून तिने पानं मोठ्याने वाचली. तिसऱ्या पानावर वाक्य होतं, 'कोळी स्त्रिया मासेमारीच्या व्यवसायात पुरुषांना मदत करतात.' मागून माझी मावशी उठली. म्हणाली, "मदत कंची? धंदा आमचा हाय. बोटीचं कर्ज कोण फेडतं ते लिव." मग सगळ्याच बोलायला लागल्या. कुणी म्हणाली, तू आमचे कामाचे तास बाजारात बसल्यापासून मोजलेत, पहाटे तीनला उठून ससून डॉकला लिलावाला जातो ते कुठे गेलं? त्या मुलीने पेन काढलं आणि समासात लिहीत राहिली. साडेनऊ वाजले. तिचं एक आख्खं प्रकरण त्या रात्री बदललं, असं तिने मला नंतर सांगितलं. तिच्या बाईंनी, म्हणजे मार्गदर्शकांनी, महिनाभर मुदत वाढवून दिली होती. त्यांचंही इथे नाव घ्यायला हवं होतं, पण त्यांना विचारलेलं नाही.

ती बारा पानं आमच्याकडे आहेत. बाजारात पाणी नव्हतं, तेव्हा बायकांनी अर्ज केला आणि त्याला त्यातली चार पानं जोडली. किती बायका, किती तास बसतात, पाणी कुठून आणतात, सगळं त्यात होतं. पाच महिन्यांनी नळ आला.

तर माझं मागणं असं आहे. ज्या प्रकल्पात आमच्यासारख्या वस्तीतून माहिती घेतली जाते, त्याचा प्रबंध किंवा अहवाल सादर होण्याआधी तो त्या वस्तीत मराठीत वाचून दाखवला गेला पाहिजे, आणि तिथे लोकांनी काय दुरुस्त्या सांगितल्या, कुठल्या घेतल्या, कुठल्या नाही, हे त्यात लिहिलेलं असलं पाहिजे. 'आधी' हा शब्द महत्त्वाचा आहे. नंतर आलात तर आम्ही टाळ्या वाजवू, तुम्हाला शाल देऊ, पण भांगाची भांग झालेली तशीच राहील. पूर्ण प्रबंध मराठीत करा असं मी म्हणत नाही. दहा-बारा पानं पुरतात, पण ती यंत्राने भाषांतरित केलेली नकोत, ज्याने वस्तीत पाय ठेवलाय त्याने लिहिलेली हवीत. वाचून दाखवायची, कारण आमच्याकडची सगळ्यात जाणती माणसं वाचत नाहीत. मुलाखती लिहून काढायचं काम त्या भागातल्या माणसाकडे द्या, किंवा निदान तपासायला तरी द्या. ज्यांना आपलं नाव हवंय त्यांचं नाव घाला. नकाशावरची जी जागा नको म्हटलंय ती घालू नका. आणि प्रकल्पाचं अंदाजपत्रक करताना परत येण्याचा खर्च त्यात धरा: हॉलचं भाडं, छपाई, चहा, आणि ज्या बाईचा अर्धा दिवस जाईल तिचा अर्धा दिवस. विमानाच्या तिकिटांपुढे हा खर्च काहीच नाही.

तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. मी तुमच्या विद्यार्थ्यांबरोबर वडापाव खात फिरले आहे. शिष्यवृत्ती सहा-सहा महिने रखडते. मुदत डोक्यावर असते. नियतकालिकांना इंग्रजीच लागतं, बढती त्यावरच मिळते, मराठीतल्या बारा पानांना कुणी गुण देत नाही. म्हणूनच मी हे पत्र विद्यार्थ्यांना लिहिलेलं नाही. त्या बारा पानांना गुण द्यायचे की नाही, हे तुमच्या हातात आहे. आज प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढतो आणि तुम्ही म्हणता, आता तो सगळ्यांना खुला आहे. माझ्या मावशीला तो खुला नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा तुमच्यापैकी कित्येकांनी आनंदाने लेख लिहिले. त्याच भाषेत आम्ही तुमच्या प्रश्नांना उत्तरं दिली होती.

काही जण म्हणतील, लोकांना दाखवलं तर ते आपल्याला अडचणीचं असेल ते काढून टाकायला लावतील. होईल असं कधीकधी. दारूबद्दल, हुंड्याबद्दल, खलाशांना कसं वागवलं जातं त्याबद्दल आमचेही लोक चिडतील. चिडू द्या. तुमचा निष्कर्ष बदलायचा अधिकार आम्हाला नको आहे. आमचं म्हणणं चुकीचं उतरलं असेल तर ते सांगायची एक संधी हवी आहे. खलाशी पोरं बोटमालकांसमोर बोलणार नाहीत, त्यांना वेगळं बसवून वाचून दाखवा, मी मदत करेन.

आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै बोटी किनाऱ्यावर असतात. माणसं जाळी विणत बसलेली असतात, बोलायला वेळ असतो. सोसायटीचा हॉल संध्याकाळी सातनंतर मोकळा असतो, दोन पंखे आहेत, माईक गणपतीच्या मंडळाचा मिळतो. नारळी पौर्णिमेनंतर आलात तर कुणी भेटणार नाही. माझ्या वहीत सतरा-अठरा प्रकल्पांची नावं आहेत जे अजून परत यायचे आहेत, आणि कुणाच्या घरी कुणी किती वेळ दिला तेही लिहिलेलं आहे. काहीजण आता नाहीत, पण त्यांच्या घरचे आहेत. तुमच्यापैकी ज्यांचं काम तिथे झालंय त्यांनी यायच्या आधी दोन दिवस कळवा, म्हणजे मी घरोघरी जाऊन सांगेन. घोळीच्या जागेवरची ती खूण इंटरनेटवरच्या नकाशातून ज्यांना काढता येईल, त्यांनी मात्र जूनची वाट पाहू नये.

आपली,
मढ कोळीवाड्यातली एक स्थानिक सहायक